अबोला कुठून सुरू होतो?

मत जुळलं नाही की आपल्यापुढं दोन वाटा असतात. एक तर आपण समोरच्याचं म्हणणं मान्य करतो, नाहीतर त्याच्याकडं जाणं-येणं कमी करतो. गेल्या निवडणुकीनंतर माझ्या तीस वर्षांच्या मित्राच्या बाबतीत मी दुसरी वाट धरली. त्याचा नंबर मोबाइलमध्ये तसाच आहे. फोन मात्र होत नाही.

या दोन वाटांचा हिशेब पेटर होल्मे आणि मार्क न्यूमन या भौतिकशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये संगणकावर मांडला. त्यांनी ३२०० काल्पनिक माणसं घेतली. प्रत्येकाची सरासरी चौघांशी ओळख. मतं ३२०, आणि ती सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून वाटावीत तशी वाटलेली. मग दर खेपेला कुणातरी एकाला निवडायचं. तो एक तर ओळखीतल्या एखाद्याचं मत उचलतो, किंवा एक ओळख तोडून आपल्याच मताच्या कुणाशी तरी जोडतो. बस्स, एवढेच नियम. ओळख तोडायची पाळी किती वेळा यावी, ती चावी मात्र संशोधकांच्या हाती.

चावी कमी फिरवली, तर बहुतेक सगळे अखेर एका मतावर येतात. ती वाढवत नेली, की शंभरात साधारण ४६ वेळांच्या आसपास चित्र पालटतं. समाजाचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यात पूर्ण एकमत, आणि तुकड्यातुकड्यांमध्ये एकही धागा नाही.

या खेळात कुणी दुष्ट नाही, कुणी भडकवणारा नाही. प्रत्येकानं फक्त आपल्यासारखा सोबती शोधला. तुकड्यातल्या माणसाला सगळं जग आपल्याच मताचं वाटणार, कारण त्याच्या ओळखीत दुसरं कुणी उरलेलंच नाही.

संगणकातली ही माणसं अर्थातच खरी नव्हेत. मत वेगळं ठेवून ओळख टिकवण्याची तिसरी वाट त्यांच्या नियमांत कायमची बसत नाही. आपल्याला ती ठाऊक आहे. एकाच घरातून दोन पक्षांना मतं पडतात आणि रात्री ताटं एकाच ओळीत मांडली जातात.

म्हणून आज घरी गेल्यावर मी मित्राला फोन करणार आहे. वाद मिटणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. चहा तरी होईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)