जुनी गाडी आणि तिच्या चार काचा
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवात गाडीच्या काचांवर बोलायचे म्हटल्यावर काहींच्या चेहऱ्यावर हसू आले. आपल्या निर्मलच्या लाकडी खेळण्यांतल्या गाड्यांना हा त्रास नाही, त्यांना काचाच नसतात! पण आपल्यापैकी कितीतरी घरांत पंधरा-वीस वर्षांची गाडी अजून दारात उभी आहे. बासरला नातवाचे अक्षराभ्यासाचे कार्य, नांदेडचे लग्न, माहूरची रेणुकामाता, सगळीकडे तीच जाते. इंजिन ठणठणीत असते. रुसते ती बटणाची काच. आम्ही चार घरच्यांनी मिळून यात जे शिकलो, ते आज सांगतो.

आधी दुखणे ओळखावे. चारही काचा एकदम बंद पडल्या, तर फ्यूज किंवा रिले पाहावा. मागच्याच दोन बंद असतील, तर चालकाच्या दारावरचे लॉकचे बटण कुणाकडून दाबले गेले नाही ना, तेही पाहावे. एकच काच बंद असेल, तर ती दोन्ही ठिकाणांहून चालवून पाहावी: तिच्या दारावरून आणि चालकाच्या दारावरून. एका बटणाने चालली आणि दुसऱ्याने नाही, तर बहुधा दोष बटणाचा. दार उघडता-मिटता मध्येच चालत असेल, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर तुटत आलेली असते. मोटर घूं घूं करते पण काच हलत नाही, किंवा धप्पकन खाली बसते, तेव्हा रेग्युलेटरची तार किंवा प्लास्टिकची क्लिप गेलेली असते.

सर्वांत फसवे दुखणे उन्हाळ्यातले. काच रडतखडत चढते, मध्येच थांबते आणि दहा मिनिटांनी पुन्हा चालते. अनेक मोटरींत तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते. मोटरला तापवतो तो धुळीने आणि उन्हाने कडक झालेला काचेच्या खाचेतला रबर. तेव्हा थेट नवी मोटर घालू नये. खाच ओल्या फडक्याने पुसावी, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारावा. तेल किंवा ग्रीस घालू नये. रबर फुगतो आणि धूळ धरून बसते. मेकॅनिकला ‘काच’ म्हणा की ‘अद्दम’, पण डोअर पॅड उघडण्याआधी हे एवढे करून पाहायला सांगा.

वाटेत पावसात काच खालीच अडकली, तर एकाने बाहेरून दोन्ही तळव्यांत काच धरून हळूच वर ढकलावी आणि दुसऱ्याने बटण दाबावे. बोटे काठाशी नेऊ नयेत. वर आली की चिकटपट्टी लावावी आणि गावात पोहोचेपर्यंत त्या बटणाला हात लावू नये.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जुन्या गाड्यांत काच वर जाताना हात किंवा मान मध्ये आली, तरी ती मागे फिरत नाही. खिडकीतून डोके काढून उभ्या असलेल्या लेकराचा गुडघाच बटणावर पडू शकतो. म्हणून मुले बसली की लॉकचे बटण दाबावे. आणि किल्ली काढली की काचा चालत नाहीत, हे ध्यानात ठेवून उन्हात आजोबांना किंवा मुलांना ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून गाडीत सोडू नये.

दुसरे, पाणी. २०२२ आणि २०२३ च्या जुलैत कडेम धरणाने आपल्या सर्वांचा जीव टांगणीला लावला होता. फूटभर वाहते पाणीसुद्धा लहान गाडी ढकलू शकते, म्हणून वाहत्या ओढ्यात गाडी घालूच नये. तरीही गाडी पाण्यात गेलीच, तर बाहेरच्या दाबाने दार उघडत नाही. काच हाच दरवाजा. वायरिंगमध्ये पाणी शिरण्याआधी, पहिल्याच क्षणी, पट्टे सोडावेत, काचा उघडाव्यात, मुलांना आधी बाहेर काढावे. काच उघडली नाही, तर चालकाच्या हाताशी ठेवलेल्या टोकदार पोलादी हातोडीने बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारावे. समोरची काच साधारणतः थरांची असते, तिच्यावर वेळ घालवू नये.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की वर जात नाही ती काच ही गैरसोय आहे. खाली येत नाही ती काच हा धोका आहे. ‘बंदच आहे ना, राहू दे’ म्हणून आपण नेमका हा दुसरा दोष वर्षानुवर्षे चालवून घेतो. पैसे एकाच कामापुरते असतील, तर आधी मुले आणि वडीलधारी बसतात त्या बाजूची काच दुरुस्त करावी. मोटर परवडत नसेल, तर अनेक मॉडेलांत हाताने फिरवायच्या हँडलचा रेग्युलेटर बसतो. तो लावण्यात कमीपणा नाही.

विसर्जनाला गाडी काढण्याआधी चारही काचा एकदा खाली-वर करून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.

गणपती बाप्पा मोरया!