गावाची शीव आणि शहराची हद्द

(पंचायत सदस्य, अधिकारी व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्याकडे गावाचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. जेथे घरे असतात ती पांढरी आणि जेथे पीक येते ती काळी. पांढरीभोवती काळी आणि काळीच्या कडेला शीव, अशी ही रचना शेकडो वर्षे टिकून राहिली. शिवेपलीकडे दुसरे गाव सुरू होई आणि दोन गावांची पांढरी एकमेकींस कधी भिडत नसे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत मात्र मराठवाड्यातील काही गावांची काळी नाहीशी होऊन शेजारच्या शहराची पांढरी थेट त्यांच्या वेशीला येऊन टेकली आहे. हे कसे घडले आणि त्यात आपणां सर्वांचे कर्तव्य कोणते, याचा विचार नांदेड व लातूर या दोन शहरांच्या उदाहरणांवरून आज करावयाचा आहे.

दोन पेठांची कहाणी

१९०१ च्या जनगणनेच्या वेळी नांदेडची वस्ती सुमारे १४ हजार आणि लातूरची सुमारे १० हजार होती. आजच्या मानाने ही मोठी गावेच म्हणावयाची. दोन्ही ठिकाणे प्राचीन खरी. राष्ट्रकूट राजे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. नांदेड येथे १७०८ मध्ये श्री गुरू गोविंदसिंहजींचे महानिर्वाण झाले आणि महाराजा रणजितसिंह यांच्या काळात तेथे सचखंड गुरुद्वाराची वास्तू उभी राहिली. परंतु या ठिकाणांना शहराचे रूप दिले ते रेल्वेने आणि बाजाराने. मनमाड-हैदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास नांदेडवरून गेला. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली. लातूरच्या गंजगोलाईची मुख्य इमारत १९१७ ची असून तिच्याभोवती सोळा रस्ते येऊन मिळतात. शेतकऱ्याची बैलगाडी कोणत्याही दिशेने आली तरी ती पेठेत सहज शिरावी, हा त्या रचनेमागील विचार होता. गावाची वाढ होण्यापूर्वीच रस्ते आखले गेले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत येऊ.

नदीपलीकडचे नांदेड

जुने नांदेड गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेले. इतवारा, वजिराबाद ही त्याची जुनी पेठ. शहराची वाढ होऊ लागली, तेव्हा नदीच्या दक्षिणेस वाघाळा व आसपासच्या गावांच्या शिवारात नवी वस्ती उभी राहू लागली. सिडकोने तेथे नव्या नांदेडची उभारणी केली, शेजारी हडकोची वसाहत झाली, औद्योगिक क्षेत्र आले. विष्णुपुरी या गावाच्या परिसरात गोदावरीवरील उपसा सिंचन प्रकल्प, १९८१ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, अशा मोठ्या संस्था स्थिरावल्या. अशा रीतीने एका नांदेडची व्यवहारात दोन नांदेडे झाली. नोकरी एका तीरावर, बिऱ्हाड दुसऱ्या तीरावर. बाजार नांदेड नगरपालिकेत, घरपट्टी वाघाळ्यात. शेवटी २६ मार्च १९९७ रोजी दोन्ही नगरपालिका एकत्र करून नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका स्थापन झाली. महापालिकेच्या नावात वाघाळ्याचे नाव आजही आहे. एका गावाने शहरास दिलेल्या जमिनीची ती नोंदच होय.

२००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या निमित्ताने रस्ते, पूल, पाणी व मलनिःसारण यांची मोठी कामे शहरात झाली. त्या वेळी दोन्ही तीरांवर एकच स्थानिक संस्था होती. कामाची आखणी करताना नदी ही दोन कार्यालयांमधील सीमा उरली नव्हती, याचे महत्त्व प्रशासनात काम करणाऱ्यांस सांगावयास नको. २०११ च्या जनगणनेत या महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख भरली.

लातूर : तालुक्याचे जिल्हास्थान

लातूरची गोष्ट काहीशी निराळी आहे. १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत लातूर हे त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते. त्या दिवशी स्वतंत्र लातूर जिल्हा अस्तित्वात आला. उदगीर, अहमदपूरच्या माणसाचा जिल्हा कचेरीचा प्रवास कमी झाला. पण त्याचबरोबर जिल्ह्याची सर्व कार्यालये, न्यायालये, बँका आणि वसतिगृहे एका पेठेच्या गावाभोवती गोळा झाली. पुढे शिक्षणाचा 'लातूर पॅटर्न' गाजला आणि अनेक जिल्ह्यांतील विद्यार्थी तेथे येऊ लागले. डाळींचा बाजार, शिकवणीचे वर्ग आणि कार्यालये या तिघांनी मिळून शहर वाढविले. २०११ मध्ये लातूरला महानगरपालिका मिळाली. त्या वर्षी लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या घरात होती. हरंगुळसारख्या शेजारच्या गावाच्या परिसरात रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला.

या वाढीची दुसरी बाजू एप्रिल २०१६ मध्ये साऱ्या देशाने पाहिली. मांजरा धरण आटले आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. कारण अर्थातच लागोपाठचा दुष्काळ हे होते. तथापि शहर वाढविताना घरे प्रथम आणि पाणी मागाहून, हा क्रम किती महाग पडतो, याचाही तो धडा होता.

तालुकेही विभागले

मोठ्या शहरांप्रमाणेच लहान गावेही या प्रवाहात आली. नांदेड जिल्ह्यात पूर्वी आठ तालुके होते, आज सोळा आहेत. लातूर जिल्हा पाच तालुक्यांवर उभा राहिला, आज तेथे दहा आहेत. अर्धापूर, नायगाव, हिमायतनगर, माहूर, चाकूर, रेणापूर, देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ या तालुक्याच्या गावांना पुढे नगरपंचायती मिळाल्या. कालपर्यंत सरपंच असलेल्या गावात आज नगराध्यक्ष आहेत. गाव तेच, माणसे तीच. परंतु कायदा बदलला, कराची आकारणी बदलली आणि योजनाही बदलल्या.

इतर ठिकाणचा अनुभव

अमेरिकेत १७८५ च्या जमीन अध्यादेशाने नव्या प्रदेशाची सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनी टाउनशिपांत मोजणी झाली. अशा ग्रामीण टाउनशिपमधून पुढे एकेक वस्ती आपली स्वतंत्र नगरपालिका करून घेऊन बाहेर पडे आणि मूळ टाउनशिपकडे उरलेसुरले तुकडे राहत. आपल्याकडे बहुधा उलट घडते. पुण्याजवळ पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी ही गावे कारखान्यांमुळे वाढली, १९७० मध्ये त्यांची एक नगरपालिका झाली व १९८२ मध्ये महानगरपालिका. नांदेड-वाघाळ्याचे एकीकरणही याच जातीचे. म्हणजे वस्ती आधी फुटते, पसरते. हद्द मागाहून तिला जोडत जाते. पद्धती वेगळ्या असल्या तरी अडचण दोन्हीकडे एकच आहे. घरे आधी जातात, हद्द मागाहून येते. या मधल्या काळाकडे आपण नीट पाहिले पाहिजे.

मधली वर्षे

हा मधला काळ कसा असतो ते पाहू. शहरालगतच्या शेताला भाव येतो. शेतकऱ्याला मुलीचे लग्न, दवाखाना किंवा बोअर या कारणांसाठी पैसा हवा असतो. रीतसर बिगरशेती परवानगी घेऊन भूखंड पाडले, तर रस्ते व मोकळी जागा सोडावी लागते. म्हणून पुष्कळदा गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली जाते. वस्तीला कोणते तरी 'नगर' म्हणून नाव पडते. दहा वर्षांत तेथे दोनशे घरे होतात. या घरांतील माणसे शहरात कामाला जातात, शहरात बाजार करतात. पण त्यांचा दिवा, नाली, कचरा आणि नळ या सर्वांचा भार येतो ग्रामपंचायतीवर. तिची नळयोजना मूळ गावठाणाच्या मापाने केलेली असते. अशा रीतीने पंचायतीकडे शहराची वस्ती येते, शहराचे अधिकार व उत्पन्न मात्र येत नाही.

शासनाच्या मोजपट्ट्याही येथे एकाहून अधिक आहेत. जनगणनेच्या व्याख्येनुसार ५ हजार वस्ती, कामकरी पुरुषांपैकी ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात आणि दर चौरस किलोमीटरला ४०० माणसे, एवढे भरले की गाव 'नगर' ठरते. परंतु जनगणनेने नगर म्हटले म्हणून नगरपालिका होत नाही. त्यासाठी राज्याच्या कायद्याची वेगळी कसोटी आणि स्वतंत्र अधिसूचना लागते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ग्रामीण रूप सोडून नागरी रूप धारण करणाऱ्या क्षेत्रासाठी नगरपंचायतीची तरतूद केली, ती याच मधल्या अवस्थेसाठी. तरीही एखादे गाव मोजणीत शहर आणि कायद्यात खेडे, अशा स्थितीत वर्षानुवर्षे राहू शकते.

हद्दवाढीचा प्रस्ताव आला की गावात दोन तट पडतात. नव्या वस्तीला शहरात जावयाचे असते, कारण तिला नळ आणि रस्ता हवा. जुन्या गावठाणाला जावयाचे नसते. कर वाढतील ही भीती खरी असतेच. पण शेतमजुराची चिंता त्याहून खोल असते. रोजगार हमीची कामे व ग्रामीण घरकुल या योजना ग्रामीण क्षेत्रासाठी आहेत. हद्द बदलली की त्या हातच्या जातात. शाळा जिल्हा परिषदेची राहणार की नाही, हा प्रश्न शिक्षक व पालक दोघांनाही सतावतो. या दोन्ही तटांना आपापल्या ठिकाणी आधार आहे. एकाला प्रगतिशील आणि दुसऱ्याला मागासलेला ठरवून हा प्रश्न सुटणार नाही.

नुकसान मात्र दोघांचेही एका बाबतीत सारखेच होते. गुंठेवारीतील घरे नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये कायदा केला आणि २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याचा लाभ दिला. त्यामुळे घराला कागद मिळू शकतो. परंतु बुजलेला ओढा, दहा फुटांची उरलेली गल्ली, घरांखाली गेलेली स्मशानाची वाट, या गोष्टी कोणत्याही कायद्याने सहजी परत येत नाहीत. अग्निशामक बंब वळू शकत नाही अशा गल्लीला नंतर महापालिका मिळाली, तरी तिचा उपयोग किती?

ग्रामपंचायतीने काय करावे

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की, हद्दवाढ केव्हा होईल ते आपल्या हाती नाही, पण ती होईपर्यंत गावाची सार्वजनिक जागा शाबूत ठेवणे आपल्या हाती आहे. त्यासाठी चार कामे सुचवितो.

पहिले, गावनकाशावरील ओढे, नाले, गाडीवाटा, पाणंदी आणि स्मशानभूमी यांची जागेवर जाऊन पाहणी करावी व ग्रामसभेत नकाशासह वाचन करावे. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी मागून खुणा कायम कराव्यात.

दुसरे, गायरान सांभाळावे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याबाबत सर्व राज्यांना निर्देश दिले आहेत. शहर आले की शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी यांसाठी जी जागा लागते ती बहुधा येथेच मिळते. ती आज गेली तर उद्या बाजारभावाने विकत घ्यावी लागेल.

तिसरे, भूखंड विकत घेणाऱ्यास आधी माहिती द्यावी. बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि रस्त्याची रुंदी या तीन गोष्टी पाहिल्याखेरीज इसारा देऊ नये, असा फलक ग्रामपंचायतीच्या दारात लावण्यास काही खर्च येत नाही. कमी शिकलेल्या खरेदीदारास तो वाचून दाखविण्याचे काम शिक्षकांनी करावे.

चौथे, २०१५ पासून 'आमचा गाव, आमचा विकास' उपक्रमात प्रत्येक ग्रामपंचायत आपला विकास आराखडा करते. शहरालगतच्या गावांनी तो शेजारच्या गावांशी बसून करावा. नाली एका गावातून दुसऱ्या गावात उतरते, तिला शीव ठाऊक नसते.

मित्रहो, गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांची गोष्ट मी सुरुवातीस सांगितली. त्या आखणीस शंभराहून अधिक वर्षे झाली. लातूरची वस्ती दहा हजारांवरून चार लाखांच्या जवळ गेली, तरी त्या रस्त्यांवरून आजही बाजार भरतो, कारण जागा आधी राखली गेली होती. आज आपल्या पंचायतीत एखादी पाणंद नकाशावर जिवंत असेल, तर ती उद्याच्या नगराचा रस्ता आहे. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तिचे नाव असावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.