कौन्सिलच्या घरांतले भाडेकरू

श्रोतेहो, आजचा विषय परक्या देशांतला आहे. परंतु तो समजण्यासाठीं परदेश पाहिलेला असावा लागतो असें नाहीं. भाड्याच्या घरांत ज्यानें कांहीं पावसाळे काढले आहेत, गळक्या छपराखालीं पातेलें ठेवून ज्यानें घरमालकाच्या माणसाची वाट पाहिली आहे, त्याला या विषयाचा निम्मा भाग ठाऊकच आहे. फरक इतकाच कीं, इंग्लंडांत लक्षावधि कुटुंबांचा घरमालक कोणी शेटजी नसून गांवची म्युनिसिपालिटी असते. तिला तिकडे कौन्सिल म्हणतात. ही कौन्सिल घरमालक म्हणून कशी वागते, आणि ती नीट वागते कीं नाहीं हें ठरविण्याची कोणती रीत तेथें अलीकडे निघाली आहे, एवढेंच मी आज सांगणार आहें.

या घरांचा आरंभींचा एक प्रसिद्ध नमुना लंडनच्या पूर्व भागांत आहे. तेथें ओल्ड निकल नांवाची एक अत्यंत गलिच्छ वस्ती होती. १८९० च्या कायद्यानें मिळालेले अधिकार वापरून लंडन कौंटी कौन्सिलनें ती पाडली आणि तिच्या जागीं विटांच्या सुबक इमारती उठविल्या. १९०० सालीं युवराजांच्या हस्तें त्यांचें उद्घाटन झालें. पाडलेल्या घरांचा मलमा मधोमध रचून त्याची टेकडी केली व तिच्यावर बाग केली; ती टेकडी अजून आहे. मात्र ज्यांचीं घरें पाडलीं, ते लोक नव्या इमारतींत फारसे आलेच नाहींत. तेथील भाडें त्यांच्या आवांक्याबाहेरचें होतें. ते आजूबाजूच्या वस्त्यांत शिरले आणि तेथील दाटी आणखी वाढली.

हें ऐकतांना मुंबईकराला आपल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ सालीं, ग्लासगो शहरांतील अशाच एका संस्थेचा कित्ता पुढें ठेवून हा ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, चाळीही बांधल्या. परंतु पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून अधिक होता. परळच्या ज्या बी. आय. टी. चाळींत डॉ. आंबेडकरांनीं आयुष्याचीं बरींच वर्षें काढलीं, ती याच ट्रस्टची. १९३३ सालीं ट्रस्टचा सारा कारभार म्युनिसिपालिटीकडे आला. तेव्हां नगराचा कारभार पाहणारी संस्था घरमालक झाली म्हणजे काय होतें, हा प्रश्न आपल्याला अगदींच उपरा नाहीं.

पुढें इंग्लंडांत १९१९ सालीं अ‍ॅडिसन या मंत्र्याच्या कायद्यानें घरें बांधण्याचें काम कौन्सिलांवर कर्तव्य म्हणून पडलें आणि त्यासाठीं सरकारी तिजोरीतून मदत मिळूं लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर हें काम आणखी फोफावलें. १९८० च्या सुमारास दहांपैकीं जवळजवळ तीन कुटुंबें कौन्सिलच्या घरांत राहत होतीं. त्याच सालीं थॅचरबाईंच्या सरकारनें भाडेकरूला आपलें घर सवलतीच्या किमतीनें विकत घेण्याचा हक्क दिला, आणि तेव्हांपासून इंग्लंडांत सुमारे वीस लाख घरें या वाटेनें गेलीं. ज्यांनीं तीं घेतलीं त्यांचें कल्याण झालें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण विकलेल्या घरांच्या मानानें नवीं घरें फारच थोडीं उभीं राहिलीं. आणखी पुष्कळ घरें धर्मादाय धर्तीच्या गृहसंस्थांकडे सोंपविण्यांत आलीं. २०२४ सालीं कौन्सिलांच्या प्रतीक्षायादींत तेरा लाखांहून अधिक कुटुंबें तिष्ठत होतीं.

ज्या दुकानाबाहेर तेरा लाखांची रांग उभी आहे, त्या दुकानदाराला माल खराब असल्याची तक्रार ऐकण्याची घाई कशाला असेल? खासगी घरमालकाशीं पटलें नाहीं तर भाडेकरू पदरमोड करून कां होईना, दुसरी जागा पाहतो. कौन्सिलचा भाडेकरू जाणार कोठें? तो घर सोडीत नाहीं, भाडें भरतो आणि तक्रारीचे अर्ज पाठवीत राहतो. म्हणून अशा घरमालकाची परीक्षा त्यानें किती घरें बांधलीं यावरून होत नाहीं. तक्रारीचा अर्ज हातांत पडल्यावर तो काय करतो, यावरून ती होते, असें माझें मत आहे.

या परीक्षेंत इंग्लंडचा घरमालकवर्ग दोनदां इतका वाईट रीतीनें नापास झाला कीं, सगळा देश हादरला. पहिली गोष्ट १४ जून २०१७ च्या रात्रीची. लंडनमधील केन्सिंग्टन व चेल्सी या कौन्सिलच्या मालकीच्या ग्रेनफेल टॉवर नांवाच्या चोवीस मजली इमारतीस आग लागली आणि बहात्तर माणसें दगावलीं. इमारतीला नुकतेंच बाहेरून नवें आच्छादन चढविलें होतें, आणि तेंच पेटलें. इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेला रहिवाशांनीं आगीच्या धोक्याविषयीं आधींच सांगितलें होतें. परंतु असे रहिवासी त्या संस्थेला कटकटे वाटत. चौकशीचा अखेरचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्यें बाहेर आला. हे सर्व मृत्यु टाळतां येण्यासारखे होते, असें चौकशीच्या अध्यक्षांनीं स्पष्ट सांगितलें.

दुसरी गोष्ट एका लहान मुलाची आहे. रॉचडेल गांवीं एका गृहसंस्थेच्या एका खोलीच्या घरांत सुदानहून आलेलें एक कुटुंब राहत होतें. स्वयंपाकघराला आणि न्हाणीघराला ओल येऊन भिंतींवर काळी बुरशी चढली होती. बापानें २०१७ पासून तक्रार केली. त्यावर रंग लावा म्हणून सांगण्यांत आलें. पुढें वकिलामार्फत दाद मागितली, तेव्हां वकिलांचें ठरेपर्यंत दुरुस्ती करूं नये असा संस्थेचा शिरस्ता आडवा आला. डिसेंबर २०२० मध्यें अवाब इशाक हा त्यांचा मुलगा, नुकतींच दोन वर्षें पुरीं झालेला, श्वासाच्या विकारानें वारला. नोव्हेंबर २०२२ मध्यें मृत्यूच्या न्यायालयीन चौकशींत बुरशी हेंच कारण ठरलें. त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, ओल येते ती या लोकांच्या राहणीमुळें, यांच्या आंघोळीच्या पद्धतीमुळें, अशी संस्थेच्या माणसांची समजूत होती. मुलगा नापास झाला कीं "घरचें वळणच नाहीं" असें म्हणून मोकळे होणारे शिक्षक मीं पुष्कळ पाहिले. भिंतीची ओल भाडेकरूच्या माथीं मारणारा घरमालक त्यांचाच भाऊबंद. वस्तुतः गृहनिर्माणविषयक तक्रारी ऐकणाऱ्या तेथील लोकपालानें २०२१ सालींच ओलीवर खास अहवाल काढून, भाडेकरूच्या राहणीला दोष देणें बंद करा, असें घरमालकांना बजावलें होतें.

या दोन प्रसंगांतून २०२३ चा कायदा आला. त्यानें नियामक मंडळाला असा अधिकार दिला कीं, अनर्थ होण्याची वाट न पाहतां त्यानें घरमालकाकडे आपण होऊन जावें. हजाराहून अधिक घरें असलेल्या प्रत्येक घरमालकाची, मग ती कौन्सिल असो वा गृहसंस्था, एप्रिल २०२४ पासून दर चार वर्षांतून एकदां तपासणी करण्याचें ठरलें. निकाल चार श्रेणींत लागतो. पहिली श्रेणी उत्तम. चौथी म्हणजे कारभारांत अत्यंत गंभीर दोष. याशिवाय घरमालकानें दरवर्षीं आपल्या भाडेकरूंचें मत विचारून तें प्रसिद्ध करावयाचें असतें. घर सुरक्षित वाटतें काय, दुरुस्ती वेळेवर होते काय, तुमचें म्हणणें ऐकून त्याप्रमाणें कांहीं केलें जातें काय, असे बारा प्रश्न. आणखी दहा आंकडे घरमालकाच्या दप्तरांतून द्यावयाचे.

पहिल्या वर्षाचे, म्हणजे २०२३-२४ चे आंकडे मोठे बोलके आहेत. साधारण घरमालकाचे शेंकडा सुमारे एकाहत्तर भाडेकरू एकंदरीनें समाधानी निघाले. एवढें ऐकून कोणीही म्हणेल कीं बरें चाललें आहे. परंतु तक्रारीची दखल कशी घेतली जाते, या प्रश्नाला समाधानाचें उत्तर देणारे शेंकडा पस्तिसाच्या आसपासच भरले. दोन्ही आंकड्यांत विरोध नाहीं. ज्याच्या भिंतीला ओल नाहीं तो समाधानी आहे. ज्याला तक्रार करण्याची पाळी येते, त्याची दाद लागत नाहीं. वर्गाची सरासरी चांगली म्हणून मागच्या बाकावरच्या पोराला हिशेब येतो असें ठरत नाहीं. तेव्हां यापुढें कोणत्याही कौन्सिलनें आपल्या जाहिरातींत पहिला आंकडा मोठ्या अक्षरांत छापला, तर सुज्ञ वाचकानें दुसरा शोधावा.

तपासणीविषयीं माझ्या मनांत थोडी शंका होती. शाळेंत साहेब येणार म्हटलें कीं भिंतींना चुना लागतो आणि हुशार पोरें पुढच्या बाकांवर येतात, हें मीं उभा जन्म पाहिलें आहे. परंतु हे तपासनीस दप्तर मागतात, भाडेकरूंना भेटतात, त्यांच्या सभेंत जाऊन बसतात. ऑक्टोबर २०२४ मध्यें लंडनच्या पूर्वेकडील न्यूहॅम कौन्सिलला चौथी श्रेणी मिळाली. तोंपर्यंत ती कोणालाच मिळाली नव्हती. आगीपासून बचावासाठीं जीं कामें करणें प्राप्त होतें, त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक मुदत उलटून तशींच पडलीं होतीं. ग्रेनफेलला सात वर्षें लोटल्यानंतरची ही स्थिति! इतर अनेक कौन्सिलांना तिसरी श्रेणी मिळाली, आणि बहुतेकांच्या बाबतींत दोष एकच निघाला: आपलीं घरें आज कोणत्या स्थितींत आहेत, याची पुरती नोंदच मालकाजवळ नाहीं.

कौन्सिलांची बाजूही ऐकली पाहिजे. २०१६ पासून चार वर्षें सरकारनेंच कायदा करून त्यांना दरसाल शेंकडा एक या प्रमाणें भाडें कमी करावयास लावलें. भाडेकरूला तें गोड वाटलें, पण दुरुस्तीचा पैसा त्याच भाड्यांतून येतो. घरें जुनीं होत चाललीं, चांगल्यापैकीं पुष्कळ विकलीं गेलीं, आणि ग्रेनफेलनंतर उंच इमारतींच्या सुरक्षिततेचा खर्च येऊन पडला. हें सगळें खरें. तथापि कोणत्या घराला ओल आहे याची यादी ठेवण्यास कांहीं कोट्यवधि पौंड लागत नाहींत.

२७ ऑक्टोबर २०२५ पासून त्या मुलाच्याच नांवानें ओळखला जाणारा अवाबचा कायदा अंमलांत आला आहे. कौन्सिल आणि गृहसंस्था दोघांनाही तो लागू आहे. घरांत जिवाला तत्काळ धोका असेल तर चोवीस तासांच्या आंत पाहणी करून तो दूर केला पाहिजे. ओल व बुरशी लक्षणीय असेल तर कामाच्या दहा दिवसांत पाहणी, ती संपल्यापासून तीन दिवसांत भाडेकरूला लेखी निष्कर्ष, आणि धोका आढळल्यास पाहणीनंतर पांच दिवसांत घर सुरक्षित करण्याचें काम. तेवढ्यांत घर सुरक्षित करतां आलें नाहीं, तर मालकानें स्वखर्चानें भाडेकरूची दुसरीकडे राहण्याची सोय करावयाची. वकिलांचें ठरूं द्या, ही सबब आतां या मुदतींना अडवूं शकत नाहीं.

मला यांतली तीन दिवसांची लेखी निष्कर्षाची अट सर्वांत मोलाची वाटते. मिस्त्री येऊन भिंत पाहून गेला आणि मान हलवून गेला, म्हणजे भाडेकरूच्या हातीं कांहींच उरत नाहीं. लेखी कागद असला म्हणजे लोकपालाकडे जातां येतें, न्यायालयांत जातां येतें. मात्र मुदतीचे दिवस भिंत ओली झाल्यापासून मोजीत नाहींत. धोक्याची गोष्ट घरमालकाला कळली तेव्हांपासून मोजतात. म्हणून तेथील जाणता भाडेकरू तोंडी निरोपावर न थांबतां लेखी तक्रार पाठवितो, भिंतीचें छायाचित्र जोडतो आणि अर्जाची एक प्रत, तारखेसह, आपल्या जवळ ठेवतो.