लेकरू रात्री उठते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, दीड-दोन वर्षांचे मूल रात्री पुन्हा पुन्हा उठते, त्यावर बोलेन. त्या जराशा हसल्या. हा काय भाषणाचा विषय, असे त्यांना वाटले असावे. पण ज्या घरात हे चालू असते, त्या घरात दुसरा विषयच नसतो, हे तुमच्यापैकी निम्म्या जणींना ठाऊक आहे.

१९९० सालची गोष्ट. माझी धाकटी तेव्हा दीड वर्षाची होती. बीडच्या जुन्या वस्तीत आमचे बिऱ्हाड. उन्हाळ्यात सगळे कुटुंब माळवदावर झोपत असे. ही पोरगी रात्री चारदा उठे. झोळी हलविली की झोपे, हात थांबला की तासाभराने पुन्हा रडे. सकाळी सातला माझी शाळा. फळ्यावर लिहिता लिहिता मला डुलकी लागलेली आहे आणि मुले हसलेली आहेत. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, दात येताहेत. कोणी म्हणाले, तुझे दूध पुरत नाही. सगळ्यांचे ऐकले, आणि पोरगी उठतच राहिली.

आता जे सांगते ते मी आजवर फार थोड्यांना सांगितले आहे. एके रात्री, घरात सर्दी-खोकल्याचे पातळ औषध होते, त्याने झोप येते असे एकीने सांगितले होते, म्हणून मी तिला ते एक चमचा पाजले. सर्दी नव्हती, खोकला नव्हता. ती झोपली. पहाटे उठली नाही, सातला उठली नाही. मी शाळेत गेले नाही. तिच्या नाकापाशी बोट धरून दहा वाजेपर्यंत बसले. मग तिने डोळे उघडले. ह्यांना मी संध्याकाळपर्यंत काही बोलले नाही.

पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया लेकरांना अफूची बाळगोळी देत, हे पुस्तकात वाचून मी त्यांना नावे ठेवीत असे. त्या दिवसापासून ठेवीत नाही. थकलेली बाई काय करील याचा नेम नसतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या दूषित औषधाने वीसहून अधिक लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्या औषधात विषारी रसायन मिसळले गेले होते. माझ्या चमच्यात तसे काही नव्हते. पण तेव्हा केंद्र सरकारने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. झोपेसाठी तर प्रश्नच येत नाही.

मग मूल उठते तरी का? खरे असे की आपण सगळेच उठतो. झोप गाढ होते, हलकी होते, पुन्हा गाढ होते. लहान मुलांत ही फेरी तासाभराचीच असते. प्रत्येक फेरीच्या शेवटी आपण कूस बदलतो आणि विसरतो. ज्या मुलाला झोळीच्या झोक्यातच झोप लागली, ते अर्धवट जागे झाले की झोका शोधते. तो थांबलेला असतो. मग ते आपल्याला हाक मारते. बोस्टनचे बालरोगतज्ज्ञ रिचर्ड फर्बर यांनी १९८५ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडले. मुलाला जागेपणी अंथरुणावर ठेवावे, रडले तर थोड्या थोड्या वेळाने जाऊन धीर द्यावा व ते अंतर वाढवीत न्यावे, असा त्यांचा उपाय. त्यासाठी बहुधा वेगळी खोली लागते. आमच्याकडे एका सतरंजीवर सहा माणसे! रडणे एकट्याचे राहतच नाही.

म्हणून मी आपल्या घराला बेतेल असे केले. झोळी दिवसापुरती ठेवली. रात्री तिला डुलक्या येऊ लागल्या की जमिनीवर निजवायचे, पाठीवर हात ठेवायचा, अंगाई म्हणायची, पण उचलायचे नाही. तीन रात्री आकांत झाला. चौथ्या रात्री सासूबाईच म्हणाल्या, "हात मी ठेवते, तू झोप." दुपारी चारनंतर तिला झोपू दिले नाही. मध्यरात्रीनंतर ह्यांची पाळी लावली; पुरुषाचा हातही पाठीवर बसतो, हे तेव्हा घरात प्रथमच सिद्ध झाले. तीन आठवड्यांनी ती चारवरून एकदा उठण्यावर आली. ते एकदा उठणे पुढे वर्षभर चालले.

एवढे सगळे मी आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईंना मोठ्या उत्साहाने सांगितले. दसऱ्यानंतर त्या नवऱ्याबरोबर कोयता घेऊन कारखान्यावर जात. उचल घेतलेली, जाणे भागच. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं खरंय. पण आमची गाडी पहाटं तीनला लागती. लेकराला सांगावं का, तुझी झोप झाल्यावर ऊस भरू म्हणून?" कोपीत लेकरू उठले तर शेजारच्या चार कोप्या जाग्या होत. त्या आपले नेसून मळलेले लुगडे त्याच्या उशाशी ठेवून जात. आईच्या वासाने ते पुष्कळदा गप्प राही, कधी राहत नसे. माझ्याजवळ त्यांना द्यायला उत्तर नव्हते.

काही उठणी मात्र सवयीची नसतात. गुदद्वाराशी खाजवीत उठणारे मूल बहुधा जंतांमुळे उठते. अंगणवाडीत जंतनाशक गोळी मिळते, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. घोरणारे, तोंडाने श्वास घेणारे, कान ओढणारे, अंगावर फिकटपणा असून रात्रभर पाय झाडणारे मूल डॉक्टरांना दाखवावे. झोपल्यावर तास-दोन तासांत किंचाळून उठणारे, डोळे उघडे पण आईलाही न ओळखणारे मूल पाहून भीती वाटते. त्याला हलवून जागे करू नये, लागणार नाही एवढे पाहावे, ते आपोआप निजते व सकाळी त्याला काही आठवत नाही. आणि आपलाच तोल जातोय असे वाटले, तर मुलाला सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटे बाहेर उभे राहावे. लहान मुलाला रागाने गदगदा हलविल्याने मेंदूत रक्तस्राव होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून अकरा ते चौदा तास झोप हवी. आईला किती हवी, याचा हिशेब आपल्या घरांत कोणी मांडीत नाही. म्हणून एक मागणे आहे. पन्नाशीपुढच्या आपल्यापैकी अनेकींना दुपारी झोप येतच नाही. मंडळाची खोली दुपारी दोन ते चार रिकामी असते. तेथे दोन सतरंज्या घालू, लहानांना सांभाळू, आणि त्यांच्या आयांना घरी जाऊन निजू देऊ. कारखान्यावरून परतलेल्या बायांनाही सांगू. नावांची वही चिटणीसबाईंकडे ठेवली आहे. सोमवार आणि गुरुवारी माझे नाव मी आताच लिहून आले आहे. मंगळवार अजून रिकामा आहे.