टोपी, मफलर, हातमोजे : एका मापाचा संच

टोपी, मफलर आणि हातमोजे या तीन वस्तू मिळून लोकरीचा हिवाळी संच होतो. तिन्हींचा रंग एक असला की संच जुळला, असे सहसा मानले जाते. पण खरी जुळणी टाक्यांच्या हिशेबात असते. टोपी डोक्याला धरून बसली पाहिजे, हातमोज्यात बोटे मोकळी हलली पाहिजेत, मफलर मात्र नुसता गळ्याभोवती गुंडाळायचा असतो. म्हणजे पहिल्या दोन वस्तू मापाला चोख हव्यात आणि तिसरीला चार बोटे कमीजास्त झालेली चालतात. कोणती वस्तू आधी विणायची, हे या फरकावरूनच ठरते.

सुरुवात लोकरीपासून. महाराष्ट्रातल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. तिचे घोंगडे उत्तम होते, पण कानाला आणि गळ्याला ती टोचते. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर बारीक आणि मऊ असते, म्हणून अंगाला लागणाऱ्या वस्तूंसाठी ती पसंत केली जाते. बाजारात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात, त्यांतले बरेचसे मात्र अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. खऱ्या लोकरीचा तंतू नागमोडी असतो. त्या वळणांत हवा अडकते आणि तीच ऊब धरून ठेवते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. अ‍ॅक्रिलिक ओलावा शोषत नाही, पण ते स्वस्त असते, धुवायला सोपे असते आणि त्याला कसर लागत नाही. रोज वापरायच्या, वारंवार धुवायच्या लहान मुलांच्या संचाला ते सोयीचे पडते.

मध्यम जाडीची लोकर घेतली, तर मोठ्या माणसाच्या संचाला सुमारे ३५० ग्रॅम लागते. विकत घेताना ४०० ग्रॅम घ्यावी आणि सगळी एकदमच घ्यावी. गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाबरोबर रंगवणीच्या खेपेचाही क्रमांक छापलेला असतो. रंग तोच पण खेप वेगळी असली, तर छटेत किंचित फरक पडतो. दुकानातल्या दिव्याखाली तो दिसत नाही, पण दिवसाच्या उजेडात टोपी आणि मफलर शेजारी धरले की लगेच उघडा पडतो.

म्हणूनच आधी टोपी, मग हातमोजे आणि शेवटी मफलर, असा क्रम ठेवावा. लोकर कमी पडली, तर मफलर वीतभर आखूड करता येतो. टोपी किंवा हातमोजा आखूड करून चालत नाही.

सुयांचे जुने क्रमांक आजही प्रचारात आहेत आणि ते उलटे चालतात : क्रमांक जितका मोठा, तितकी सुई बारीक. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड असते, १० नंबरची सव्वातीन मिलिमीटर. मध्यम लोकरीला मुख्य विणीसाठी ८ नंबर आणि काठासाठी १० नंबर योग्य ठरतो. काठ बारीक सुईवर विणला की तो घट्ट बसतो आणि ढिला पडत नाही.

यानंतर नमुना. ८ नंबरच्या सुईवर ३० टाके घालून एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा ४० ओळी विणाव्यात. हा चौकोन धुऊन सपाट वाळवावा आणि कडा सोडून मधल्या १० सेंटीमीटरमधले टाके मोजावेत. मध्यम लोकरीत ते साधारण २२ भरतात आणि उभ्या मापात ३० ओळी बसतात. नमुन्याला एखादा तास जातो, पण तो वगळला तर काय होते ते हिशेबावरून कळते. २२ च्या मापाने ११२ टाक्यांची टोपी ५१ सेंटीमीटर घेराची होते. हात सैल असेल आणि १० सेंटीमीटरमध्ये २० च टाके बसत असतील, तर तेवढ्याच टाक्यांचा घेर ५६ सेंटीमीटर होतो आणि टोपी डोळ्यांवर उतरते. हात घट्ट असेल आणि २४ टाके बसत असतील, तर घेर ४७ सेंटीमीटरच्या आत येतो आणि कपाळावर वळ उठतो. माप चुकले तर टाक्यांची संख्या न बदलता सुई बदलावी : नमुना सैल आला तर बारीक सुई, घट्ट आला तर जाड.

टोपीचे गणित सोपे आहे. डोक्याचा घेर मोजून त्यातून दहावा हिस्सा वजा करावा, कारण वीण ताणली जाते आणि त्या ताणामुळेच टोपी जागेवर राहते. उरलेल्या सेंटीमीटरना २.२ ने गुणून येणाऱ्या संख्येच्या जवळची आठाच्या पटीतली संख्या घ्यावी. घेर ५६ असेल तर दहावा हिस्सा वजा जाता सुमारे ५० उरतात. त्यांचे टाके होतात ११०, आणि आठाच्या पटीत ११२. मुलाच्या डोक्याचा घेर ५० असेल, तर याच रीतीने ९६ टाके येतात. आठाची पट घ्यायचे कारण टोपीच्या माथ्याशी कळते.

बारीक सुईवर ११२ टाके घालून दोन सुलट, दोन उलट अशा विणीने ५ सेंटीमीटरचा काठ विणावा. मग ८ नंबरची सुई घेऊन एकूण उंची १३ सेंटीमीटर होईपर्यंत साधी वीण चालू ठेवावी. दोन्ही टोकांना अणी असलेल्या चार सुयांवर गोल विणले, तर प्रत्येक फेरी सुलटच विणायची असते, कारण कापडाची दर्शनी बाजू सतत समोर राहते. दोनच सुया असतील तर सुरुवातीला शिवणीसाठी दोन टाके जास्त घालावेत.

माथ्यासाठी ११२ टाक्यांचे १४-१४ चे आठ भाग करावेत. प्रत्येक भागात बारा टाके विणून शेवटच्या दोनांचा एक करावा. एका फेरीत आठ टाके घटतात. पुढची फेरी साधी विणावी आणि त्यानंतर अकरा विणून दोनांचा एक करावा. असे एकाआड एक करत तेरा वेळा घटवले, की सुईवर बरोबर आठ टाके उरतात. धागा तोडून दाभणाने त्या आठांतून ओवावा, ओढावा आणि आतून गाठ मारावी. वरून पाहिले तर माथ्यावर आठ आऱ्यांचे चक्र दिसते.

कान आणि गळा झाकणारी माकडटोपीही याच कुळातली. तिचे इंग्रजी नाव बालाक्लाव्हा. ते क्रिमियातल्या एका बंदराचे नाव असून १८५४ साली तिथे झालेल्या लढाईची आठवण त्यात राहिली आहे.

हातमोजे दोन प्रकारचे असतात : पाच बोटांचे आणि चार बोटे एकत्र, अंगठा वेगळा असलेले मुठीचे. मुठीचे मोजे विणायला सोपे असतात आणि जास्त उबदारही, कारण बोटे एकमेकांची ऊब वाटून घेतात. अंगठा सोडून तळहाताचा घेर १८ ते १९ सेंटीमीटर असेल, तर ४० टाके घालावेत. मनगटाचा काठ टोपीसारखाच, दोन सुलट दोन उलट, पण ६ सेंटीमीटर. मग अंगठ्याची पाचर येते. एका टाक्याला खूण करून दर तिसऱ्या फेरीत त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा. दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईवर उचलून पीळ देऊन विणला की टाका वाढतो आणि भोक पडत नाही. सहा वेळा वाढवल्यावर त्या एकाचे तेरा टाके होतात. ते जुन्या धाग्यात ओवून बाजूला ठेवावेत, त्या जागी एक नवा टाका घालावा, म्हणजे पुन्हा ४० होतात.

करंगळीचे टोक झाकेपर्यंत सरळ विणावे. शेवट टोपीच्या माथ्यासारखाच : पाच-पाच टाक्यांचे आठ भाग, एकाआड एक फेरीत घट, ४० चे ३२, मग २४, १६ आणि अखेर आठ. तेही धाग्यात ओवून बंद. बाजूला ठेवलेले अंगठ्याचे टाके मग उचलून अंगठा पुरा करावा. पाचर अशी मधोमध वाढवलेली असल्याने मोजा कोणत्याही हातात चालतो, डावा-उजवा वेगळा विणावा लागत नाही.

मफलर सगळ्यांत सोपा, पण वेळ खाणारा. साधी सुलट-उलट वीण त्याला चालत नाही. त्या विणीच्या दोन बाजूंची ठेवण वेगळी असते, त्यामुळे कडा वळतात आणि मफलरची सुरनळी होते. दोन सुलट, दोन उलट या विणीत दोन्ही बाजू सारख्या असतात, म्हणून तो सपाट राहतो. टोपीच्या आणि मोज्यांच्या काठाची वीणही हीच, त्यामुळे संच आपोआप जुळतो. ५० टाके घालून दीड मीटर विणायचे, म्हणजे सुमारे ४५० ओळी आणि साडेबावीस हजार टाके. टोपीत यांच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी टाके असतात.

दुसऱ्या रंगाचा पट्टा घालायचा तर टोपीवर काठाच्या लगेच वर, मोज्यावर मनगटाच्या वर आणि मफलरच्या दोन्ही टोकांना, सगळीकडे सारख्याच ओळींचा घालावा. एका ओळीत दोन रंग विणले तर न विणलेला धागा मागून जातो, कापड दुहेरी होते आणि ऊब वाढते. नॉर्वेतले सेल्बू हे गाव आठ पाकळ्यांची चांदणी असलेल्या काळ्या-पांढऱ्या हातमोज्यांसाठी प्रसिद्ध आहे. १८५७ साली मारित एम्स्टाड या मुलीने विणलेल्या मोज्यांपासून तिथे ही परंपरा सुरू झाली, असे मानले जाते.

लोकरीचा संच कोमट पाण्यात, न चोळता धुवावा. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. कढत पाणी आणि चोळणे यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि टोपी आटून नमद्यासारखी होते. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नये, त्याची लवचीकता जाते. दोन्ही पिळू नयेत, टॉवेलात गुंडाळून दाबावेत आणि सपाट जागी वाळवावेत.

उरलेला गुंडा, त्याची कागदी पट्टी आणि २२, ३०, ११२, ४०, ५० हे आकडे लिहिलेली चिठ्ठी एका पिशवीत जपून ठेवावी. संचातला एक हातमोजा कधी ना कधी हरवतोच, आणि तो पुन्हा विणायला एवढे साहित्य पुरते.