किनाऱ्यावरचे एक चर्च आणि त्याची मंडळी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बडोद्यातील मराठी कुटुंबांच्या या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात सातासमुद्रापलीकडच्या एका चर्चची हकीकत सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. संस्था पन्नास वर्षांची झाली म्हणजे तिला आपला इतिहास लिहावासा वाटतो. आणि लेखणी हाती घेताच कोणाची नावे घालावयाची व कोणाची गळणार, हा प्रश्न पुढे उभा राहतो. एका तीनशे वर्षांच्या संस्थेला हा प्रश्न कसा भेटला, एवढेच आज सांगावयाचे आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बॉस्टन नावाचे बंदर आहे. तेथे १७२३ साली ख्राइस्ट चर्च उभे राहिले. लोक त्याला ‘ओल्ड नॉर्थ’ म्हणतात. आपल्याकडे थोरल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळून तेव्हा तीन वर्षे झाली होती, आणि गायकवाडांनी बडोदे कायमचे घेतले ते याच्या अकरा वर्षांनंतर, म्हणजे १७३४ मध्ये. बॉस्टन हे प्यूरिटन पंथाच्या लोकांचे गाव. त्यांना इंग्लंडच्या राजाचे अधिकृत चर्च आणि त्यातले बिशप मान्य नव्हते. अशा गावात इंग्लंडच्या चर्चची मंडळी अल्पसंख्य होती. त्यांचे पहिले धर्मोपदेशक टिमथी कटलर हे येल कॉलेजचे प्रमुख होते. त्यांनी पंथ बदलला म्हणून १७२२ साली त्यांना ती जागा सोडावी लागली. पुढे १७६५ मध्ये देह ठेवीपर्यंत ते या चर्चचे उपदेशक राहिले. सारांश, ही संस्था जन्मली तीच परक्या वस्तीतल्या थोड्या लोकांच्या जिद्दीतून. आपल्या पूर्वजांनाही या शहरात तसेच पाय रोवावे लागले, हे येथे निराळे सांगावयास नको.

आता पैशाचा विचार करू, कारण विश्वस्तांना त्यात विशेष गोडी असते! चर्चमध्ये पेटीसारखे बंदिस्त बाक होते आणि ते कुटुंबांनी विकत घ्यावयाचे असत. बाकाची जागा जितकी चांगली, तितकी किंमत अधिक. बाक घेण्याची ऐपत नसलेले गरीब लोक आणि काळे लोक वरच्या सज्जात बसत. मंडळीत जहाजांचे कप्तान व व्यापारी पुष्कळ. होंडुरासच्या आखातात व्यापार करणाऱ्यांनी १७२७ साली लॉगवुड नावाचे रंग काढण्याचे लाकूड चर्चला देणगीदाखल दिले, आणि मंडळींनी त्यांच्यासाठी एक बाक राखून ठेवला. थॉमस ग्रूची नावाच्या कप्तानाने फ्रेंच जहाजावरून लुटलेल्या चार देवदूतांच्या लाकडी मूर्ती १७४६ मध्ये अर्पण केल्या. त्या आजही तेथे आहेत. समुद्राकाठच्या देवळाला समुद्रच दान करतो. मात्र ते दान कोठून आले, हे विचारण्याची तेव्हा रीत नव्हती.

मला या इतिहासात सर्वांत गोड वाटते ती घंटांची गोष्ट. १७४४ साली इंग्लंडातील ग्लॉस्टर येथे एबल रुडहॉल याच्या भट्टीत आठ घंटा ओतल्या गेल्या आणि जहाजाने बॉस्टनला आल्या. पुढे १७५० च्या सुमारास सात मुलांनी एकत्र येऊन त्या वाजविण्याचा करार लिहिला. आठवड्यातून एक संध्याकाळ दोन तास वाजवावयाचे. दर तीन महिन्यांनी आपल्यातून एक प्रमुख निवडावयाचा. सर्वांचे एकमत झाल्यावाचून नवा सभासद घ्यावयाचा नाही. आणि मनोऱ्यात कोणापाशी पैसे मागावयाचे नाहीत, मागेल तो बाहेर! पोरवयातल्या मुलांनी केलेली ही घटना आपल्या घटनेशेजारी ठेवून पाहावी. करारावर सही करणाऱ्यांत पॉल रिव्हिअर हा एक मुलगा होता. मोठेपणी तो या चर्चचा सभासद नव्हता, तरी त्याचे नाव चर्चला कायमचे चिकटले.

ते असे. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री इंग्रज फौज कॉन्कर्डच्या रोखाने निघाली. ती पाण्याच्या वाटेने येत आहे हे पैलतीरावरच्या चार्ल्सटाउनच्या लोकांना कळावे म्हणून मनोऱ्यात क्षणभर दोन कंदील दाखविले गेले. ते काम चर्चचा सेवक रॉबर्ट न्यूमन आणि कारभारी मंडळातील कप्तान जॉन पुलिंग यांनी केले, असे परंपरा सांगते. विशेष हे की, त्याच दिवशी राजनिष्ठ धर्मोपदेशक मॅथर बाइल्स यांनी या चर्चचे काम सोडले. एकाच मंडळीत राजाचे आणि बंडाचे असे दोन्ही पक्ष होते. चर्चला कुलूप लागले ते १७७८ पर्यंत. स्वातंत्र्यानंतर राजासाठीच्या प्रार्थना गेल्या, आणि १७८९ मध्ये देशातील या पंथाची ‘एपिस्कोपल’ म्हणजे बिशपांच्या व्यवस्थेची स्वतंत्र संस्था झाली. लाँगफेलो या कवीने १८६० साली रिव्हिअरवर कविता लिहिली आणि मनोरा जगप्रसिद्ध झाला. कवितेने रिव्हिअरला घरोघर पोचविले. मनोऱ्याचा जिना चढणारा सेवक मात्र मागे राहिला.

मनोऱ्याच्या नशिबी वादळे होती. १८०४ च्या वादळात तो पडला, दोन वर्षांनी पुन्हा बांधला. १९५४ च्या वादळात पुन्हा पडला, तो १९५५ मध्ये उभा राहिला. टोकावरचे वारा दाखविणारे यंत्र मात्र १७४० चेच आहे. त्याहून मोठे वादळ वस्तीचे. जुनी कुटुंबे दूर राहावयास गेली. भोवती आयरिश, ज्यू व पुढे इटालियन लोक आले आणि बाक रिकामे पडले. १९१२ साली मोठा जीर्णोद्धार झाला, तेव्हा साधेपणाच्या कल्पनेने आतील भिंतींना पांढरा रंग दिला गेला. त्या रंगाखाली काय झाकले गेले, ते अलीकडच्या वर्षांत उघड झाले. जॉन गिब्ज नावाच्या सभासदाने १७३० च्या सुमारास रंगविलेले देवदूतांचे चेहरे कारागिरांनी थर खरवडून पुन्हा उजेडात आणले.

पण पांढरा रंग केवळ भिंतीला नव्हता. अभ्यासकांनी जुने कागद तपासले. देणगीचे ते लाकूड गुलाम आफ्रिकन माणसांनी तोडलेले. न्यूअर्क जॅक्सन हा कप्तान या चर्चचा सभासद होता. आवारातील चॉकलेटच्या दुकानाला त्याचे नाव दिलेले होते. तो गुलामांच्या चोरट्या व्यापारात होता आणि १७४३ मध्ये जहाजावरील बंडात मारला गेला, हे उघड झाल्यावर ते नाव काढण्यात आले. सज्जात बसणाऱ्यांचा शोध आता बाप्तिस्म्याच्या नोंदींतून घेतला जातो. हे काम वास्तू सांभाळणाऱ्या ट्रस्टच करते. ते उपासना चालविणाऱ्या मंडळीपासून वेगळे आहे. असे खरे सांगितल्याने चर्चची शोभा उणावली काय? मला तसे वाटत नाही. ज्या घराला आपली सगळी माणसे ठाऊक असतात, ते घर अधिक पक्के असते.

आता आपल्याकडे पाहू. या स्मरणिकेत अध्यक्षांचे फोटो आहेत, देणगीदारांची यादी आहे. ते योग्यच आहे. पण पन्नास वर्षे सभागृहाची किल्ली कोणी सांभाळली? गणेशोत्सवात शेदोनशे पाने कोणी वाढली, उष्टी कोणी काढली? वर्गणीसाठी भर उन्हात सायकलवरून कोण हिंडले? विद्यार्थी वसतिगृहात भाकरी थापणाऱ्या बाईंचे पूर्ण नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आणि कोणाला कधी पंक्तीबाहेर बसविले गेले असेल, तर तेही आपल्याच इतिहासात मोडते.

बॉस्टनच्या मंडळींना निदान नोंदवह्या तरी सापडल्या. आपल्याकडे या गोष्टी कागदावर नाहीत. त्या येथे पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहेत, आणि स्मरणाला मुदत असते. म्हणून विश्वस्तांना माझी नम्र सूचना आहे की, या महोत्सवी वर्षात एक वही घालावी. तरुण मुलामुलींनी घरोघर जाऊन आजोबा-आजींना विचारावे आणि ती नावे लिहून घ्यावी. त्याला फारसा खर्च नाही. देणगीदारही शोधावा लागणार नाही. एवढे झाले, तर हीरकमहोत्सवाच्या स्मरणिकेत आपल्याला काही खरवडून काढावे लागणार नाही.