घराला ऐकू जाईल असं वाचा
(अमळनेर तालुक्यातील एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या स्नेहसंमेलनातील भाषण, फेब्रुवारी 2023)



मुख्याध्यापकांनी मला विषय नेमून दिला आहे, ‘मोबाइल आणि मुलांचे डोळे’. मी धुळ्याला डोळ्यांची डॉक्टर आहे, म्हणजे विषय माझाच. पण पहिली ते चौथी मी याच शाळेत शिकले. फाटकातून आत पाऊल टाकलं, लिंबाखालची घंटा दिसली, आणि पहिल्या रांगेत पांढऱ्या टोपीतले आमचे गुरुजी दिसले. गुरुजी, उठू नका, बसून राहा. तुमच्यासमोर माईक धरून बोलायचं म्हणजे अजूनही छाती धडधडते.

मुलांनो, हे गुरुजी आम्हाला धडा कसा वाचायला लावायचे, सांगू? वाचणाऱ्यानं फळ्याजवळ उभं राहायचं आणि गुरुजी स्वतः मागच्या दाराशी जाऊन थांबायचे. तिथं ऐकू आलं नाही, की बोट वर. परत पहिल्या ओळीपासून. माझा आवाज बारीक होता. पहिलीचं अख्खं वर्ष ते बोट माझ्यासाठी वर होत होतं. दुसरीत एकदा गुरुजी दारातून निघाले आणि पार लिंबापर्यंत गेले, आणि तिथून त्यांनी मान डोलावली. त्यानंतर मी पुष्कळ परीक्षा दिल्या, पण ती मान डोलावणं मी विसरले नाही.

घरी गेलं की आजी. तिला अक्षर ओळखू येत नव्हतं. ओट्यावर शेंगा फोडत बसायची आणि मला म्हणायची, वाच. पुस्तक संपलं की पेपर, पेपर संपला की किराण्याच्या पुडीचा कागद. मी थांबले की ती मान वर न करता म्हणायची, ‘आखो वाच.’ म्हणजे आणखी वाच.

आता डोळ्यांचं थोडक्यात सांगते. चीनमधल्या फेचंग शहरात लाखाहून जास्त शाळकरी मुलांचे डोळे तपासले. 2015 ते 2019 या वर्षांत सहा वर्षांच्या मुलांमध्ये लांबचं अंधुक दिसणाऱ्यांचं प्रमाण कधी 5.7 टक्क्यांच्या वर गेलं नव्हतं. 2020 मध्ये, कोरोनात मुलं घरात कोंडली गेल्यावर, ते 21.5 टक्के झालं. ते टाळायला एक सोपा उपाय: उजेडात खेळणं, रोज निदान दोन तास. खान्देशात उन्हाची कमी नाही. सकाळी आणि ऊन उतरल्यावर पोरांना बाहेर सोडा. माझा विषय एवढाच.

आता तिसरीच्या वर्गानं हात वर करा. हां, खाली घ्या.

या मुलांकडे नीट बघा. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. ही मुलं जून 2020 मध्ये पहिलीत गेली ती फक्त पटावर. त्यांची पहिली पूर्ण घरात गेली. गावातल्या पहिली ते चौथीच्या शाळा 1 डिसेंबर 2021 ला उघडल्या, तेव्हा ही मुलं दुसरीत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा बाकावर बसत होती. जेमतेम महिना झाला आणि जानेवारीत परत कुलूप लागलं. ते 24 जानेवारी 2022 पासून निघालं. पाटीवर अक्षर गिरवायचं वय जे म्हणतात, ते यांच्या हातून निघून गेलं.

गेल्याच महिन्यात ‘असर’चा अहवाल आला. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, हे त्यात मोजलेलं असतं. 2018 मध्ये शंभरातल्या 27 मुलांना येत होता. 2022 मध्ये 20 मुलांना येतो. आता ज्यांनी हात वर केले, त्यांच्याच वयाच्या मुलांची ही मोजणी आहे.

मी ती मोजणी माझ्या दवाखान्यात पाहिली आहे. एक आई मुलाला घेऊन आली. ‘मॅडम, याला फळ्यावरचं दिसत नाही.’ मी त्याला मराठी अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. वरचं सगळ्यात मोठं अक्षर दाखवलं. तो गप्प. त्याखालचं दाखवलं. गप्प. मग मी दुसरा तक्ता लावला, तीन दांड्यांच्या खुणेचा. त्यात खुणेचं तोंड कुठल्या बाजूला आहे, ते हातानं दाखवायचं असतं. पोरानं शेवटची, सगळ्यात बारीक ओळ धडाधड दाखवली. एकही चूक नाही. डोळे ठणठणीत होते. त्याला अक्षरं दिसत होती, ओळखता येत नव्हती, आणि लाजेनं तो दिसत नाही असं म्हणत होता. आई चष्म्याचे पैसे पदराला बांधून आली होती.

यात शिक्षकांचा दोष काढणाऱ्यांना मी आधीच सांगते, शाळा बंद होत्या त्या दिवसांत इथले गुरुजी आणि बाई काय करत होते ते मला माहीत आहे. घरात मोबाइल एक, तो बापाबरोबर शेतात. रात्री बाप येणार, तेव्हा रिचार्ज संपलेला. मग यांनी गल्लीगल्लीत ओट्यावर चार-चार पोरं बसवली, स्वाध्यायाचे कागद घरोघर पोचवले. सह्याद्री वाहिनीवर 20 जुलै 2020 पासून ‘टिलीमिली’ लागायची, तर टीव्ही असलेल्या घरी शेजारची पोरं बसतील अशी सोय यांनी लावून दिली. तिकडे पालघर-नाशिकच्या पाड्यांवर तर स्पीकरवरून धडे ऐकवणारी ‘बोलकी शाळा’ निघाली. पोरांच्या कानावर भाषा पडत राहिली, हे मोठंच काम झालं. पण पोरांच्या तोंडून भाषा निघायची राहिली. ज्यांना फोन मिळाला त्यांना पहिली सूचना काय होती? माईक बंद ठेवा.

म्हणून आज माझं एकच मागणं आहे आणि ते मी दोनदा सांगणार आहे. रोज संध्याकाळी, घराला ऐकू जाईल असं, मोठ्यानं वाचा. दहा मिनिटं पुरे. मनातल्या मनात वाचलं की अडलेला शब्द पोरगं हळूच ओलांडून जातं, कुणाला कळत नाही. मोठ्यानं वाचताना ते अडतं, आणि कुठं अडलं ते घराला कळतं. जोडाक्षर आलं, थांबलं, पुन्हा धरलं, सुटलं. त्या थांबण्यातच शिकणं असतं.

आपल्या मुलखात मोठी पुस्तकं अशी ऐकूनच तयार झाली आहेत. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्याची ‘गीताप्रवचने’ झाली. त्याआधी सहा वर्षं साने गुरुजी आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. आणि आसोद्याची बहिणाई? तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती ओव्या म्हणायची, घरातल्यांनी त्या ऐकून कागदावर उतरवल्या. ती 1951 मध्ये गेली, पुस्तक 1952 मध्ये आलं. ऐकणारं माणूस घरात नसतं, तर आपल्याला बहिणाबाई मिळाली नसती.

मागच्या ताई, तुम्ही मघाशी शेजारणीला म्हणालात, ‘आम्हालेच वाचता येत नाही, पोराचं काय तपासणार?’ मला इथवर ऐकू आलं. ताई, तुम्ही तपासायचं नाही, ऐकायचं. भाकरी थापताना ऐका. माझ्या आजीनं एक अक्षर तपासलं नाही, पण मी वाचणं सोडलं की तिला कळायचं. आबा, तुमच्यासारख्या म्हाताऱ्या माणसांनी तर हे काम अंगावरच घ्यावं. पोरगं वाचताना चुकलं तर ओरडू नका. त्याचे मित्र हसले तर त्यांना गप्प करा. तिसरीतल्या मुलाला पहिलीचं पुस्तक हातात घ्यायची लाज वाटते. ती लाज घरानं काढली नाही, तर शाळेला ती काढता येणार नाही.

आणि सरपंचताई, वेचणीला आणि ऊसतोडीला जे आईबाप पोरांना बरोबर नेतात, त्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत. कोरोना संपला, पण त्या पोरांची शाळा दरवर्षी सुटते. त्यांना गावात, आजीपाशी, काकांपाशी ठेवायची सोय ग्रामपंचायतीनं बघावी. तुम्ही मान हलवलीत, सगळ्या गावानं पाहिलं आहे.

माझ्याकडून एक गोष्ट. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी शाळेत येईन आणि सगळ्यांचे डोळे फुकट तपासेन. तिसरीच्या मुलांनी मात्र आधी फळ्याजवळ उभं राहून एक पान वाचायचं. मी मागच्या दारात उभी राहीन. गुरुजींना जमेल तेव्हा गुरुजी उभे राहतील. अडलात तर अडा, घाई नाही, परत पहिल्या ओळीपासून. रोज संध्याकाळी, घराला ऐकू जाईल असं वाचा, म्हणजे शनिवारी भीती वाटणार नाही.

पावरी नाचाची पोरं केव्हाची घुंगरू बांधून उभी आहेत. तीन वर्षांनी त्यांना हा मंच मिळतोय, मी तो अडवत नाही. पहिल्या शनिवारी भेटू, पुस्तक घेऊन या.